थंड भट्टीतली ज्योत

रविवार, २६ एप्रिल १९९८

इन्साफ, पोरी, लिहायला फार उशीर झाला. रागावू नकोस. मला इथं येऊन आज आठ दिवस झाले आणि ही वही अजून कोरीच होती. निघताना तू ती माझ्या पिशवीत घातलीस आणि म्हणालीस, बाबा, रोज चार ओळी लिहा, भरली की इकडे दमनहूरला येणाऱ्या बसवाल्याकडे द्या. पहिले दोन दिवस पेन सापडेना. पेन सापडलं तर चष्मा सापडेना. चष्मा डोक्यावर होता. खरी गोष्ट अशी की चौथीत शाळा सुटली, त्यानंतर लिहिण्याशी माझा संबंध सही करण्यापुरताच राहिला.

पण मी मजेत आहे. खोली चांगली आहे, खिडकीतून समुद्र दिसतो, वारा येतो. गादी आहे, पाणी आहे. कारखाना समुद्रकाठच्या मक्स वस्तीच्या पार शेवटाला, चामडं कमावणाऱ्यांच्याही पुढे. पहिल्या दिवशी वास आला तेव्हा मी टोपीने नाक दाबून उभा राहिलो. इथला गाडीवाला अखनूख, रेड्यासारखा माणूस, त्याने मला तळलेला मासा दिला आणि म्हणाला, "काका, तीन दिवस तोंडाने श्वास घ्या. चौथ्या दिवशी नाकच आपलं राहत नाही." त्याचं खरं निघालं. आता जेवणाच्या वेळेला तेवढा त्रास होतो.

कारखाना हाडांचा. कत्तलखान्यातली आणि बकरी ईदनंतर घराघरांतून गोळा केलेली हाडं इथं येतात. लोखंडी गाड्यांवर ती रचायची, गाड्या रुळांवरून भट्टीत ढकलायच्या आणि भाजायची. त्यांचा काळा कोळसा होतो, तो साखर कारखान्यात साखर पांढरी करायला जातो. हे रगबला सांगू नकोस, तुझा नवरा चहा सोडून देईल.

माझं काम बसून आहे. भट्टीशेजारी भिंतीवर राखाडी पॅनेल आहे, समोर टेबल-खुर्ची. हे पॅनेल मला फार आवडलं. बटण दाबलं की ते लगेच गॅस सोडत नाही. आधी दीड मिनिट पंखा चालवून भट्टीतला शिळा गॅस बाहेर घालवतं. मग ठिणगी. मग एका तिरप्या नळीत बसवलेला काचेचा डोळा बघतो की ज्योत लागली का. लागली तर हिरवा दिवा आणि गॅस चालू. दिसली नाही तर गॅस बंद, लाल दिवा, आणि माणसाने येऊन रीसेट दाबेपर्यंत ढिम्म हलत नाही. मी तुमच्याकडे झोपण्याआधी शेगडीचं बटण सात-आठ वेळा बघायचो तेव्हा रगब म्हणायचा ना, सासरेबुवा, ही शेगडी आहे, बॉम्ब नाही. तर हे पॅनेल माझ्याहून शंकेखोर आहे. मला वाटलं, चला, जगात कुणीतरी आपल्या जातीचं भेटलं.

मंगळवार, २८ एप्रिल

आज इथली पद्धत नीट समजून घेतली. दर गुरुवारी भट्टी थंड करतात आणि एक जण आत शिरून भिंतींवर साचलेली चरबी खरवडतो. आत जाणाऱ्याने पॅनेलची किल्ली काढून गळ्यात घालायची, म्हणजे तो बाहेर येईपर्यंत कुणी भट्टी लावू शकत नाही. समुद्राच्या वाऱ्याने राख उडते म्हणून दार ओढून घेतात. खटका बाहेरून पडतो. आतला हाक मारतो, बाहेरचा उघडतो. मी अखनूखला विचारलं, दार बंद आहे की उघडं हे पॅनेलला कळतं का? तो म्हणाला, त्याला फक्त ज्योत कळते.

माझ्या आधी या कामावर उस्ता मितवल्ली, जुना कारागीर, होता. तो लिबियाला गेला म्हणतात.

दुसरं काम म्हणजे गाड्यांच्या चाकांना वंगण. साधं ग्रीस भट्टीत जळून जातं, म्हणून भट्टीखालच्या ताटलीत गळलेली चरबी राखेत कालवून डब्यात भरून ठेवलेली असते, तीच लावतात. ब्रशचे केस जळतात, म्हणून हाताने. मनगटापर्यंत हात घालायचा, गोळा काढायचा, आसाभोवती फासायचा. पहिल्यांदा केलं तेव्हा मला शिसारी आली. वरून घट्ट आणि आतून कोमट. उन्हात नसताना कोमट का, कळलं नाही.

पॅनेलच्या दारावर रक्ताच्या पंजांचे ठसे आहेत, नऊ. वाळून तपकिरी झालेत. मालकाने दृष्ट उतरावी म्हणून वासरू कापलं आणि सगळ्यांनी रक्तात पंजे बुडवून पॅनेलवर उठवले. नवी गाडी घेतली की आपल्याकडेही करतात. पण वासरू ईदच्या चार दिवस आधी कापलं म्हणे. चार दिवसांनी कुर्बानी होणारच होती, मग एवढी घाई कशाला?

शुक्रवार, १ मे

सुट्टी. सकाळपासून उजवा हात धुतोय. कपड्याचा साबण झाला, लिंबू झालं, राख झाली, शेवटी रॉकेल लावलं. वर स्वच्छ दिसतो. पाच मिनिटांनी रेघारेघांतून पुन्हा तेलकट येतं. नखांच्या कडांना पिवळी साय जमते. पुसली की वास येतो. हाडांचा वास मला आता ओळखू येतो, हा तो नव्हे. जरा गोडसर आहे.

दुपारी शिजवलेल्या घेवड्याची वाटी आणि भाकरी घेऊन बसलो. भाकरी हाताला चिकटली. ओढली तर खालचा पापुद्रा बोटांवर राहिला आणि मला तो चाटायचा धीर झाला नाही. डाव्या हाताने खाल्लं. लोक बघत होते. डाव्या हाताने खाणाऱ्या म्हाताऱ्याकडे जसं बघतात तसं.

बसवाल्याजवळ निरोप दिला की बाबा खुशाल आहेत आणि माझ्या शेगडी तपासण्यावरून चिडलेल्या रगबचं मन निवळलं असेल तर कळवा. मिळाला का?

सोमवार, ४ मे

आज पॅनेल चालूच होईना. गाड्या भरून तयार, हाडांवर माश्यांचे थरच्या थर, अळ्या टपटप खाली पडतायत, आणि बटण दाबलं की लाल दिवा. इंजिनिअर नगाती आला. तरुण आहे, सारखी घाई, बूट चकचकीत. त्याने सांगितलं की भट्टी लावायच्या आधीच डोळ्याला आत ज्योत दिसतेय. ज्योत आहे म्हणजे काहीतरी जळतंय, म्हणून पॅनेल गॅस सोडत नाही.

पण भट्टी थंड होती. मी स्वतः आत डोकं घालून बघितलं. काळोख, आणि भिंतींवरून ओघळून गोठलेली चरबी, मेणबत्तीसारखी.

नगाती म्हणाला, काच घाण झाली असेल, पुसा. नळीतून डोळा काढला. काचेवर पिवळट पडदा होता, जाड, दुधावरच्या सायीसारखा. मी फडक्याने पुसला तेव्हा तो अखंड निघून आला. फडकं मी फेकून दिलं. मग भट्टी लागली.

मला सांग, काच घाण झाली तर असलेली ज्योत दिसणार नाही. नसलेली कशी दिसेल? हे मी नगातीला विचारलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही चौथी शिकलात ना? मग चौथीएवढंच विचारा."

गुरुवार, ७ मे

आज अखनूख आत गेला. किल्ली गळ्यात, तोंडाला ओला फडका. माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, पॅनेलसमोरून हलायचं नाही. मुतायला लागली तरी तिथंच." मी हसलो, तो हसला नाही.

अर्धा तासही झाला नसेल, त्याने हाक मारली. मी खटका उचलला तसा तो बाहेर पडला आणि भिंतीशी वाकून ओकला. रेड्यासारखा माणूस, सोळा वर्षं हाडांत काढलेला. मी पाणी दिलं. म्हणाला, मागच्या भिंतीवरची चरबी गरम आहे. बाकी भिंती थंड, तेवढीच गरम. आणि खरवडली की ती आकसते.

मी म्हटलं, आकसते म्हणजे?

म्हणाला, "गोगलगायीला मीठ घातल्यासारखी. आता विचारू नका."

तो आणि मी दोन-दोन गुरुवार आलटूनपालटून जायचं असं नगातीने ठरवलंय. पुढचा गुरुवारही त्याचाच. २१ तारखेचा माझा.

इन्साफ, त्याच्या आत तू कळवलंस तर बरं होईल. मी तुमच्या शेगडीला हातसुद्धा लावणार नाही. ओट्याकडे बघणारही नाही.

रविवार, १० मे

पुन्हा तेच. थंड भट्टीत ज्योत. काच मी पहाटेच पुसली होती.

नगातीने डोळा नळीतून काढला, लांब वायरीवर जोडला आणि माझ्या हातात दिला. म्हणाला, भिंतीकडे धरा. धरला, दिवा लागला नाही. मग त्याने लायटर पेटवून समोर धरला, हिरवा दिवा लागला. लायटर विझवला, दिवा गेला. म्हणाला, बघा, डोळा ठीक आहे, तुम्हीच नीट पुसत नाही.

मी डोळा डाव्या हातात घेऊन उजव्या हाताने काच पुसायला गेलो. हात काचेसमोर आला आणि हिरवा दिवा लागला.

हात बाजूला घेतला, दिवा गेला. पुन्हा नेला, लागला. अखनूख गाडीपाशी उभा होता, त्याने छातीवर क्रूसाची खूण केली. नगाती हसला, पण नाकाखाली घाम आला होता. म्हणाला, "काका, हातात भूत घेऊन फिरता की काय?" मग म्हणाला, डोळा जुना झालाय. अखनूखच्या हातासमोर धरून बघितला, काही नाही. स्वतःचा हात मात्र त्याने समोर धरला नाही.

रात्री जेवलो नाही. मिशांना वास येतो. उशीला येतो.

मंगळवार, १२ मे

हातावर माश्या बसतात आणि उडत नाहीत. चिकटतात. पाय हलवत राहतात, थोड्या वेळाने थांबतात. मला त्या एकेक करून काढाव्या लागतात.

दुपारी डब्यात हात घातला तर बोटांना काहीतरी गुंडाळलं. ओढून काढलं. केस. चांगला वीतभर पुंजका. जनावराचा असता तर मी एवढं मनावर घेतलं नसतं. पण तो मेंदीने रंगवलेला होता, लालसर, मुळाशी पांढरा.

अखनूखला दाखवला. त्याने घेतला नाही. विचारलं, हा डबा कधी भरलेला? मला काय माहीत, मी आलो तेव्हा भरलेलाच होता. तो खाली बसला. म्हणाला, उस्ता मितवल्ली दाढीला मेंदी लावायचा.

बुधवार, १३ मे

अखनूखने आज सगळं सांगितलं. समुद्राकडेला जाऊन, पाठ कारखान्याकडे करून.

२ एप्रिलचा गुरुवार होता. मितवल्ली आत गेला, किल्ली त्याच्या गळ्यात होती. ईदआधीचा माल पडलेला, नगातीला घाई. गाड्या बाहेरच्या रुळावर उभ्या होत्या, भरलेल्या दोन आधीच आत पार मागे ढकललेल्या होत्या, त्यामुळे नगातीला वाटलं सगळं तयार आहे. कुलपात किल्ली नाही हे बघून तो चिडला. मितवल्ली किल्ल्या नेहमीच विसरतो, म्हणाला. आणि चहाच्या चमच्याचा दांडा खाचेत घालून कुलूप फिरवलं. ते कुलूप इतकं झिजलंय की काहीही घातलं तरी फिरतं, सगळे तसंच करायचे.

पॅनेलने आपलं काम चोख केलं. दीड मिनिट पंखा. ठिणगी. ज्योत. हिरवा दिवा. आत माणूस आहे हे त्याला कोण सांगणार?

मी विचारलं, तो ओरडला नसेल? दार वाजवलं नसेल?

अखनूख म्हणाला, वाजवलं असेल. पण हाडं तापली की तडकतात, काका, तुम्ही रोज ऐकता. आतून थापा मारल्यासारखाच आवाज येतो. आम्ही सगळे इथंच चहा पीत होतो.

मी विचारलं, वास?

तो म्हणाला, "कुणाला कळणार? इथं रोज तोच वास असतो."

संध्याकाळी किल्ली शोधताना सापडला. मालकाने दुसऱ्या दिवशी वासरू कापलं. घरच्यांना सांगितलं लिबिया. खालची ताटली त्या दिवशी कुणी तपासली नाही. नेहमीप्रमाणे राखेत कालवून डब्यात रिकामी केली.

इन्साफ, मी तीन आठवडे त्यात हात घालतोय. मनगटापर्यंत.

गुरुवार, १४ मे

अखनूख आत गेला नाही. नगातीला तोंडावर सांगितलं, हवं तर मला काढा. नगाती म्हणाला, ठीक, पुढच्या गुरुवारी काका जातील, दोन आठवड्यांचं एकदम खरवडतील.

आणि त्याने पॅनेल उघडून आत एक वायर टाकली. आता सुरू होण्याआधी पॅनेल डोळ्याला काही विचारत नाही. ज्योत आधीच आहे की नाही, त्याला पर्वा नाही. मी म्हणालो, साहेब, एवढं एक जण तरी विचारत होतं. तो म्हणाला, तुम्ही आणि हे पॅनेल, दोघांनाही सारखी शंका, दोघांचंही तोंड बंद केलं पाहिजे.

शनिवार, १६ मे

अखनूख गेला. सोहागला, गावी. मला म्हणाला, चला माझ्याबरोबर स्टेशनवर, दमनहूरला उतरवतो. मी म्हटलं, पोरीचं कळू दे. बोलावल्याशिवाय गेलो तर जावई म्हणेल आले परत. अखनूख म्हणाला, "म्हणू दे ना काका. म्हणण्याने माणूस जळत नाही."

मी गेलो नाही. मला नेहमी असंच होतं. गाडी सुटल्यावर पाय उचलतात.

बसवाल्याला दुसरा निरोप दिला. तो म्हणाला पहिला त्याने वाण्याकडे ठेवला होता. वाण्याने दिला का तुला?

सोमवार, १८ मे

कातडी मऊ झालीय. मळलेल्या कणकेसारखी. बोट दाबलं की खड्डा राहतो आणि खड्ड्यात तेल भरतं. टोपी काढताना केस हाताबरोबर आले, माझे, पांढरे. ते तळव्यात रुतून बसलेत. मला ते उपटायची किळस येते आणि ठेवायचीही.

दुपारी खुर्चीत डुलकी लागली. जाग आली तेव्हा हात मांडीवर नव्हता. पॅनेलवर होता. रीसेटच्या बटणावर, अलगद. भट्टी बंद होती. मी ओढला तेव्हा चिकटपट्टी निघते तसा आवाज झाला.

ठसे दहा झालेत. दहावा ओला आहे.

मंगळवार, १९ मे

डॉक्टरकडे गेलो. त्याने हात नाकाशी नेला आणि लगेच खिडकी उघडली. म्हणाला, धूत नाही का तुम्ही? मलम दिलं. मलम हातावर वितळून गेलं.

नगाती जवळ आला की हात तापतो. तो दूर गेला की निवतो. आज पाच वेळा बघितलं. लांबून त्याचे बूट वाजले तरी तापतो.

मला आता आत जायची भीती तेवढी वाटत नाही. बाहेर उभं राहायची वाटते.

बुधवार, २० मे

हात रात्रभर खाटेला बांधून ठेवला. सकाळी दोरी तेलाने भिजून घसरलेली. उशीवर लाल केस.

जेवण नको. पाणीही तेलकट लागतं. काहीही गिळलं की वाटतं—

नगातीला सांगायला गेलो, साहेब, उद्या कुणीच आत जाऊ नका, तुम्ही तर नकोच. तो म्हणाला, घाबरलात. मी म्हणालो, हो, घाबरलो. म्हणाला, मला कशाला आत घालता? मी म्हटलं, माझ्या हातामुळे. त्याने नाक मुरडलं. म्हणाला, आधी हात धुऊन या.

सांगितलं, एवढं लक्षात ठेव. मी सांगितलं होतं.

गुरुवार, २१ मे

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर लागेल तसं लाव.

साडेदहा. मी आत जाणार नाही म्हणालो. नगाती हसला. तुमच्या वयाची बाई आणली असती तर तीही गेली असती, म्हणाला. मालक दुपारी येणार होता. मग नगातीनेच बाह्या सरसावल्या, किल्ली गळ्यात घातली, खरवडणी घेतली. मी आडवा झालो. त्याने मला डाव्या खांद्याने बाजूला केलं. म्हणाला, पॅनेलपाशी उभे राहा, कुणालाही हात लावू देऊ नका.

दार ओढलं. खटका पडला.

मी खटका उचलायला धावलो— हात आला नाही. मी पुढे, हात मागे. पॅनेलला धरून. तळवा त्या दहाव्या ठशावर बसलाय, बोटं बोटांवर. निघत नाही. ओढतोय. कातडी सुटते, हात सुटत नाही. खालून पिवळं—

मेन स्विच उजवीकडच्या भिंतीवर. पायाने गाठायला बघितलं. दोन हात लांब राहतो. पोरी, मी खरंच बघितलं.

ओरडलो. आतून तो म्हणाला, काय झालं काका, उंदीर दिसला का? हसतोय. खरवडतोय, आवाज येतो.

तर्जनीचं नख लांब झालंय. माझं नाही ते. पिवळं, जाड. कुलपाच्या खाचेत गेलं. मी नाही घातलं. फिरलं—

अंगठा बटणावर.

मी नाही. लिहून ठेवतो. मी नाही.

पंखा लागला. दीड मिनिट. वही टेबलावरून ओढली, हीच साक्ष, दुसरं कुणी नाही इथं. मी ओरडतोय, पंखा मोठा आहे. त्याने ऐकला वाटतं. खरवडणी पडली. आता दार वाजवतोय. काका म्हणतोय. दसूकी काका. आजवर नाव घेऊन कधी हाक मारली नव्हती.

थापा. हाडं नव्हेत या.

अजून निम्मं असेल. दाताने धरला हात. तोंडात आलं, इन्साफ, तोंडात आलं ते, गोड आहे—

पंख्याचा आवाज उतरला. लवकर कळव. एकच शब्द कळव, की तुला पटलं, मी नव्हतो. रगबला पाठव, कुणालाही पाठव, हा हात धरायला कुणी— लवकर कळव, पोरी, ठिणगी वाज